नागालँड, पिसं तेवीस

'नागालँड टोप १. पिसं २३. भाला लाकडी १. भाडं २५०, डिपॉझिट ३००. पीस गळाल्यास प्रत्येकी १० रुपये कापून घेऊ.'

सांगलीतल्या एका ड्रेपरीवाल्याची ही पावती सध्या माधवनगरात पालकांच्या मोबाइलवरून फिरते आहे. सांस्कृतिक विविधतेवर आमच्या भागात आजवर जे काही कागद निघाले, त्यात हा एकच मला प्रामाणिक वाटतो. बाकीच्या कागदांवर 'समृद्ध वारसा', 'सर्वसमावेशक वातावरण', 'जाणीवजागृती' असले शब्द असतात आणि ते कुणी मोजून घेत नाही. इथं निदान पिसं मोजलेली आहेत.

शाळा कुठली ते विचारू नका. तुमच्या पोराचीच आहे.

निरोप नेहमीप्रमाणे रात्री दहाला आला. शनिवारी सांस्कृतिक विविधता दिन. हजेरी क्रमांकानुसार राज्यं खालीलप्रमाणे. पाल्यास पूर्ण वेशभूषेत पाठवावे, दोन ओळी पाठ करून घ्याव्यात. राज्यं अठ्ठावीस, केंद्रशासित प्रदेश आठ, वर्गात पोरं बेचाळीस. उरलेल्या सहांत एक भारतमाता, एक जवान, एक किसान आणि तीन मोर. देश असा हजेरीपटावर चोख बसला.

जगानं या दिवसासाठी २१ मे ही तारीख २००२ सालीच ठरवून दिलेली आहे. आपल्याकडे तेव्हा शाळेला कुलूप असतं. गंमत अशी की आमच्या जिल्ह्यात खरी विविधता मे महिन्यातच उतरते. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळची, परमुलखात सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळी लग्नं आणि जत्रा गाठायला कोईमतूर, विजयवाडा, त्रिचूर, कुठून कुठून गावी येतात. पारावर पोरं तमिळमध्ये भांडतात, तेलुगूत शिव्या देतात आणि आजीनं हाक मारली की "आलो गं" म्हणून मराठीत पळतात. पण तेव्हा जिओटॅग फोटो काढायला शाळेत कुणी नसतं. म्हणून ड्रेपरीवाल्याकडं गॅदरिंगची ऑर्डर नसलेला जानेवारीतला शनिवार निवडला गेला. विविधतेचा मुहूर्त तो काढतो.

तर हजेरी क्रमांक सतराला नागालँड आलं. सतराचा बाप यंत्रमागावर आहे, बिहारकडचा. त्याला नागालँड कुठं आहे हे ठाऊक नव्हतं, पण अडीचशे अधिक तीनशे किती होतात हे चांगलंच ठाऊक होतं. तो दुकानात गेला. दुकानदारानं माळ्यावरून टोप काढला, झटकला, डांबरगोळ्यांचा वास सुटला आणि दोघांनी मिळून पिसं मोजली. तेवीस. पावती झाली.

आता या टोपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माधवनगर परिसरात याच्याइतका देश कुणी पाहिलेला नाही. पिसं पोल्ट्रीतल्या पांढऱ्या कोंबडीची, लाल-हिरवी रंगवलेली, रेक्झिनच्या पट्टीवर फेव्हिकॉलनं बसवलेली. सकाळच्या सत्रात तो नागालँड असतो. दहाच्या सुट्टीत 'ब' तुकडीकडं गेला की अरुणाचल. दुपारी बालवाडीत 'आपले आदिवासी बांधव'. इंग्रजी नाटक असलं की अमेरिकेत जाऊन येतो. गणपतीच्या देखाव्यात कुठल्याशा राक्षसाच्या डोक्यावर दहा दिवस मुक्काम, आणि मागच्या वर्षी एका वरातीत बँडवाल्यानं तो घालून ट्रम्पेट वाजवल्याचं दुकानदार अभिमानानं सांगतो. नागांची शिरोभूषणं ज्याच्या पिसांनी सजतात तो महाधनेश हा भलामोठा पक्षी. अरुणाचल आणि केरळ या दोन टोकांच्या राज्यांचा तो राज्यपक्षी आहे आणि आपल्या सह्याद्रीतही राहतो. तिकडं त्याचं पीस कुणी खोवायचं याला रीत असते, मान असतो. आओ वेगळे, अंगामी वेगळे, कोन्याक वेगळे. प्रत्येकाची शाल वेगळी आणि भाषा तर अशी वेगळी की एकाचं दुसऱ्याला कळत नाही, म्हणून बाजारात नागामीज आणि कचेरीत इंग्रजी. १ डिसेंबर १९६३ ला हे राज्य झालं, तेव्हापासून तिथली माणसं आपण किती वेगवेगळे आहोत हे उरलेल्या देशाला समजावून सांगताहेत. आमच्याकडं हा सगळा प्रश्न फेव्हिकॉलनं सुटला. टोप एक. माणसं सगळी त्यात बसतात. ढिला झाला तर मागं रबर आहे.

सतरानं म्हणायच्या दोन ओळी अशा: 'आय ॲम नागालँड. माय कॅपिटल इज कोहिमा.' तिसरी ओळ ऐच्छिक होती: 'आय लव्ह डान्सिंग.'

बिहार मात्र एका पाटलाच्या पोराला मिळालं. धोतर, गमछा, कोळशानं काढलेली मिशी. दोन ओळी 'बिहारी भाषेत' म्हणायच्या होत्या. घरात कुणाला येईना, म्हणून आईनं कुठल्यातरी सिनेमातली पद्धत शिकवली. पोरगं हुशार. ते तालमीच्या वेळी सरळ सतराच्या बाकावर जाऊन बसलं आणि म्हणालं, "ए, तुमच्यात कसं म्हणत्यात रं?" सतरानं घरात बोलतात तशी भोजपुरी त्याला सांगितली. दोघं खिदळले. पाटलाच्या पोरानं दोनदा म्हणून बघितलं, सतरानं त्याची चूक काढली, त्यानं सुधारली. वर्षभरात त्या खोलीत सांस्कृतिक जाणीवजागृती म्हणावी अशी ही एकच घटना घडली. एवढ्यात मॅडमचा आवाज आला: "सतरा! वर्गात हिंदी नको म्हणून किती वेळा सांगायचं?"

मॅडमचंही चुकलं म्हणता येत नाही. २०११ च्या जनगणनेत पाच कोटींहून अधिक लोकांनी भोजपुरी आपली मातृभाषा म्हणून सांगितली आणि ती सगळी हिंदीच्या खात्यावर जमा झाली. सरकारी खतावणीत जे झालं तेच मॅडमनी वर्गात केलं.

तमिळनाडूचंही तसंच. गलाईच्या धंद्यातून परत आलेल्या कुटुंबातला एक पोरगा वर्गात आहे. चौथीपर्यंत सेलमला शिकलेला, तमिळ वाचतो, लिहितो, वेष्टी डोळे मिटून नेसतो. त्याला गुजरात. डोक्यावर लाल पगडी, हातात दांडिया. तमिळनाडू ज्याला मिळालं त्याची लुंगी शिपाईमामांनी चार सेफ्टी पिनांनी कमरेला टाचली, कपाळावर टाल्कम पावडरचे तीन पट्टे ओढले आणि त्याच्या दोन ओळी होत्या 'अय्यो' आणि 'इडली-डोसा'. गुजरात बाजूला उभं राहून ती लुंगी बघत होतं. पिना काढून दोन हातांनी नीट नेसवून द्यायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. पण रांग सोडायची नव्हती. वर्णक्रमानं रांग होती.

कर्नाटक तेवढं योगायोगानं जतकडच्या पोरीला आलं. जतच्या पूर्व भागातून सांगलीपेक्षा विजापूर जवळ. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि घराघरात आज्जी एका भाषेत रागावते, दुसऱ्या भाषेत लाड करते. पोरगी म्हणाली, "आज्जीचं इरकल नेसू?" उत्तर आलं, इरकल नको, ते महाराष्ट्रात येतं. तिला झिरमिळ्यांचा म्हैसुरी झगा दिला गेला, डिपॉझिट दोनशे. आणि 'महाराष्ट्र' म्हणून नथ घालून जी उभी होती तिचं लुगडं इरकली, चोळी खणाची. इलकल आणि गुळेदगुड्ड ही दोन्ही गावं कर्नाटकात, एकाच बागलकोट जिल्ह्यात. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटक नेसून महाराष्ट्र म्हणवून घेताहेत, कुणाचं काही अडलेलं नाही. सीमेवरून माणसं भांडतात, लुगडी कधीच पलीकडं गेली. पण हे सांगायला बसलं तर प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला वेळ उरणार नाही.

भाषण चाळीस मिनिटं झालं. विषय: ऐकण्याची संस्कृती.

आता राजस्थान. भिंगांचा घागरा, कवड्या, हातभर पांढऱ्या बांगड्या, भाडं सर्वांत जास्त. तो घागरा राजस्थानी नाही. तो लमाणी आहे, फेटिया म्हणतात त्याला, वर काचळी. ड्रेपरीवाल्याला हे माहीत आहे, त्यानं तो तांड्यावरच्या एका म्हातारीकडून विकत घेतला आहे, आणि "राजस्थान म्हणून जातंय ओ, लमाणी म्हणून कोण मागतंय?" असं तो सरळ सांगतो. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. माधवनगरातून बाहेर पडून पाच मिनिटं कुठल्याही दिशेला गेलात तर फडाच्या कडेला कोप्या दिसतात. बीडकडून आलेल्या असतात, जतच्या तांड्यांवरून आलेल्या असतात. त्यातल्या चारपाच पोरी त्या शनिवारी शाळेच्या कंपाउंडवर चढून बसल्या होत्या. एकीनं भिंगांचा घागरा ओळखला आणि हसून काहीतरी म्हणाली, तिच्या गोरमाटीत. शिपाईमामांनी त्यांना हाकललं. फोटोत येत होत्या.

इथं माझा विनोद संपतो.

कारण त्या पोरी फोटोत येतात म्हणून हाकलल्या जातात आणि पटावर येत नाहीत म्हणून मोजल्या जात नाहीत. ऊस तोडायला बाप येतो, आई येते, धाकट्याला सांभाळायला ही येते, आणि पाच-सहा महिने हिची शाळा म्हणजे कंपाउंडवरून दिसेल तेवढी. घटनेत ३५० अ नावाचं एक कलम आहे. १९५६ साली, भाषेवर राज्यं बेतताना, सातव्या दुरुस्तीनं घातलेलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करा, असं ते प्रत्येक राज्याला सांगतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सांगतो की जमेल तितकं मुलाच्या मातृभाषेत शिकवा. 'जमेल तितकं' या दोन शब्दांत आमचं अख्खं शिक्षण खातं पाय पसरून झोपलेलं आहे. बरं, भोजपुरीची, गोरमाटीची पाठ्यपुस्तकं उद्या छापा असं कुणी म्हणत नाही. पण पोरगं आपल्या भाषेत शेजारच्याशी दोन वाक्यं बोललं तर त्याला उभं करू नका, एवढं करायला कुठला निधी लागतो? इंग्रजी माध्यमात मराठी बोललं की पाच रुपये दंड, मराठी माध्यमात हिंदी बोललं की अंगठे धरा, आणि हिंदीच्या तासाला गोरमाटी बोललं की 'गावंढळ'. प्रत्येकाला आपल्याहून खालचं कुणीतरी सापडतं. मराठीची गळचेपी झाली म्हणून मोर्चात घसा कोरडा करणारे पालक मी ओळखतो. तेच पालक 'वर्गात यूपी-बिहारची पोरं वाढली, तुकडी बदलून द्या' असा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांच्या दारात उभे असतात. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. अन्‌ मध्ये डबा द्यायला जातात.

शिक्षकांवर सगळं ढकलणं सोपं आहे, पण त्यांच्याही मानेवर लिंक आहे. कार्यक्रम झाला का? फोटो किती? जिओटॅग दिसतोय का? बॅनर सरळ आहे का? सायंकाळी पाचच्या आत अपलोड. मॅडमनी त्या शनिवारी दिवसभरात एकाही पोराचा चेहरा मोबाइलच्या बाहेर पाहिला नसेल. शेजारच्या वर्गावरच्या सरांनी मला हळूच सांगितलं, "आओ, मुलं राहिली बाजूला, बॅनरवरची तारीख चुकलीया, आता पुन्हा काढायला लागतंय सगळं." आणि काढलं. नागालँडला घरून परत बोलावलं. पिसं एकोणीस उरली होती. चाळीस रुपये गेले.

निकाल लागला. पहिलं बक्षीस राजस्थान, दुसरं तमिळनाडू, उत्तेजनार्थ एक मोर. परीक्षकांच्या शेऱ्यात बिहारबद्दल लिहिलं होतं, 'अभिनय छान, उच्चार अस्सल वाटत नाहीत.' ते उच्चार सतरानं तपासून दिलेले होते. प्रशस्तिपत्रकं इंग्रजीत, एकाही पोराच्या नावाचं स्पेलिंग दुसऱ्याशी जुळत नव्हतं, तेवढी विविधता पाळली गेली.

अहवाल वर गेला आहे. 'मुलांमध्ये विविध संस्कृतींविषयी आदर निर्माण झाला' या रकान्यात 'होय' आहे. टक्केवारीच्या रकान्यात शंभर.

काल रात्री दहाला नवा निरोप आला. २१ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. १९५२ साली त्या तारखेला ढाक्यात बंगाली भाषेसाठी पोरांनी छातीवर गोळ्या झेलल्या, ही माहिती कुठूनतरी उतरवून निरोपाच्या डोक्यावर टाकलेली आहे. खाली सूचना: प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या मातृभाषेत दोन वाक्यं बोलावीत. वाक्यं कार्यालयातून घेऊन जावीत. पाठांतर पक्कं असावं. आयत्या वेळी स्वतःचं काही बोलू नये.