ऑक्स लागला!

जानेवारीत एडिसनला कुणाकडे गेलं की माणसं आधी बूट काढतात, मग कोट काढतात आणि मग 'काय थंडी आहे हो' म्हणतात. काका बूट काढता काढताच भिंती न्याहाळतात. यजमानीण पाणी घेऊन आली तर काका पॅसेजमधल्या थर्मोस्टॅटपुढे, चष्मा कपाळावर चढवून. "एकदम ७४? आणि ऑक्स चालू! बिल कोण भरतं तुमच्याकडे?"

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत असा एक काका असतोच. निवृत्त इंजिनिअर, जन्मभर पूल बांधलेले, पण घरात हीट पंप आल्यापासून खऱ्या अर्थाने कामाला लागलेले.

हीट पंप म्हणजे उलटा फिरवलेला एसी. बाहेरच्या गारठ्यातली ऊब ओढून तो घरात आणतो, म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. कडाका वाढला, किंवा कुणी आकडा एकदम चढवला, की मदतीला विजेची कॉइल तापते. तो ऑक्स. त्यात एकाला एकच. काकांच्या लेखी ऑक्स लागणं म्हणजे घराण्याला बट्टा. काकू मात्र पंपाच्या कोमट वाऱ्याला ऊब मानायला तयार नाहीत. काकांची पाठ वळली की त्या ६८ चे ७४ करतात. काका कुठेही असोत, खिशातला फोन किणकिणतो. एकदा भजनात, ऐन गजराला, ते टाळ खाली ठेवून उठले: "ऑक्स लागला!" चारजणांना वाटलं, कुणीतरी आजारी आहे.

थर्मोस्टॅट त्यांनी स्वतः बसवला, ब्रेकर बंद न करता. "२४ व्होल्ट आहेत, गुदगुल्यासुद्धा होत नाहीत." गुदगुल्या झाल्या नाहीत हे खरं, पण वीज आणणारी 'आर' तार परतीच्या 'सी' तारेला टेकली आणि एअर हँडलरमधला ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज गेला. नवा फ्यूज आला, स्क्रीन उजळली, काकांनी 'हीट' दाबलं आणि जाळीतून गार वारा सुटला. दोष नारिंगी तारेच्या सेटिंगचा. पंपाची दिशा फिरवणाऱ्या व्हॉल्व्हला बहुतेक कंपन्या गारव्याच्या वेळी वीज देतात, काही गरम करताना. थर्मोस्टॅटला आपली जात सांगावी लागते, ओ की बी. काकांनी ते लगेच ओळखलं. पण सेटिंग बदललं नाही! आधी सिद्ध नको का करायला? त्यांनी 'कूल' लावलं. बाहेर बर्फ पडतोय, स्क्रीनवर निळा आकडा, आणि घर झकास तापतंय. काकूंनी आनंदाने भजी तळली. काकांनी सिद्धता झाल्याचं जाहीर करून सगळं नीट केलं, तेव्हा त्यांचा चेहरा पोरीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा झाला होता.

मग मार्गशीर्ष आला आणि घर दर गुरुवारी संध्याकाळी गारठू लागलं. फक्त गुरुवारी. काकांना हवं होतं ते मिळालं. त्यांनी आलेख काढले, फिल्टर बदलला. डिफ्रॉस्टचा संशय आला म्हणून जाडजूड कोट घालून बाहेरच्या युनिटपाशी पाळत ठेवली. पंखा थांबला, युनिट उलटं फिरलं, बर्फ वितळून वाफेचा लोट उठला; पलीकडच्या बाईंनी अग्निशमन दलाला फोन लावण्याची तयारी केली.

कारण बैठकीतच होतं. काकू दर गुरुवारी महालक्ष्मीची मांडणी करत, ती नेमकी खोलीच्या तापमानाचा सेन्सर ठेवलेल्या फळीवर. शेजारी समई. सेन्सर बिचारा ७५ सांगे, थर्मोस्टॅट समाधान पावे, आणि कहाणी ऐकायला आलेल्या बायका शाली मागत.

सेन्सर वीतभर सरकवला असता तर भागलं असतं. पण मग आधीच्या नोंदींशी तुलना कशी करणार? काकांनी फोनवर नवं वेळापत्रक लिहिलं: गुरुवार, पाच ते नऊ, ७६. उद्यापनाला घर छान उबदार होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पौषात समई देवघरात परतली. वेळापत्रक तिथेच राहिलं. आता दर गुरुवारी पाचला ऑक्स लागतो, घर ७६ होतं आणि काका हवालदिल होतात. वेळापत्रक तपासा म्हटलं तर म्हणतात, "ते मी स्वतः लिहिलंय, तिथे चूक असणं शक्य नाही." सध्या त्यांचा संशय व्हॉल्व्हवर आहे.

मागच्या गुरुवारी गेलो, तर काका टॉर्च घेऊन तळघरात. काकू वर सोफ्यावर, स्वेटर काढून, पाय पसरून निवांत चहा घेत होत्या. खालून हाक आली, "अगं, काही फरक?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "शोधा तुम्ही सावकाश."