मुठीतली थंडी

करंजाड्यात थंडी पडते, हे वाक्य निफाडच्या माणसासमोर उच्चारू नये. तिकडे पारा घसरला की द्राक्षबागा वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो बहुतेक दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. आमच्या पनवेल पट्ट्यात पारा पंधरा-सोळापर्यंत उतरला की त्याला स्वतःलाच खूप खाली आल्यासारखं वाटतं. सांताक्रूझच्या वेधशाळेच्या दफ्तरात मुंबईचा नीचांक ७.४ अंश आहे, आणि तो २२ जानेवारी १९६२चा. म्हणजे इथल्या खऱ्याखुऱ्या थंडीची आठवण सांगायला आता माणूस सत्तरीचा तरी हवा.

आणि तरीही जानेवारीत पहाटे साडेपाचला आमच्या कुठल्याही सेक्टरमधून पनवेल स्टेशनकडे निघालेल्या मोटारसायकलवाल्याला थांबवून हात मिळवून बघा. तो हात पंधरा अंशांतला वाटत नाही.

याचं कारण असं की ही थंडी पडत नाही, पाडली जाते, आणि पाडणारा आपणच असतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमन कानटोपी घालून निवांत बसलेला असतो, आजोबा अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर फेऱ्या मारत असतात. त्या दोघांच्या मधून निघालेला स्वार दोनशे मीटरवर गेला की दातखीळ बसल्यासारखा होतो. हवा तीच, पहाट तीच. फरक फक्त उजव्या मुठीचा. मूठ जितकी पिळावी तितकी थंडी बाहेर येते. स्वस्तातला, शंभर टक्के खात्रीचा, कोणत्याही कंपनीच्या गाडीला लागू पडणारा उपाय म्हणजे गाडी तीसच्या वेगाने चालवणे. हा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि करंजाड्यात तो कोणी केलेला मी पाहिलेला नाही. लोकल गाठायची असते. शिवाय बोटं गारठली की माणसाला वाटतं, लवकर पोहोचलो तर सुटू. म्हणून तो मूठ आणखी पिळतो.

त्यात आमच्या आणि पनवेलच्या मध्ये गाढी नदी. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी उन्हाळ्यात असून नसल्यासारखी असते, पण हिवाळ्यात पुलावर आपलं अस्तित्व दाखवते. गार हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून घरंगळत सखल भागात येऊन साचते. त्यामुळे पूल आला की दोन्ही हातांवर एकदम कोणीतरी ओली चापट मारतं. पूल संपला की थंडीही थोडी ओसरते. हल्ली काही जण याचंही खापर नवी मुंबईच्या विमानतळावर फोडतात. तिकडे उलव्याची टेकडी सपाट केली, म्हणून वारा मोकळा सुटला, असा त्यांचा सिद्धांत आहे. आमच्याकडे फ्लॅटचे भाव, धूळ, डास आणि जावयाची बदली या सगळ्यांमागे विमानतळ असतो; थंडीनेच काय घोडं मारलंय?

वाऱ्याने थंडी किती वाढते, याचा हिशोब मात्र कोणीतरी खरोखर मांडून ठेवला आहे. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी अंटार्क्टिकावर पाण्याने भरलेली प्लास्टिकची नळी वाऱ्यात टांगली आणि ते पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. १९४५ साली ते छापून आलं. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने मिळून नवं सूत्र केलं. त्या सूत्रात दहा अंश तापमान आणि ताशी साठ किलोमीटरचा वारा घातला, तर उघड्या कातडीला पाच अंशांसारखी थंडी वाटेल असं उत्तर येतं. मी मोठ्या आशेने करंजाड्याचे पंधरा अंश त्यात घालायला गेलो, तर तळाशी टीप: हे सूत्र दहा अंशांच्या वर लागू नाही. म्हणजे कॅनडा सरकारच्या लेखी आम्हाला थंडी वाजतच नाही. एखाद्याने पहाटे जुन्या हायवेने पळस्पे, खोपोली करत खंडाळ्याचा घाट चढावा, आणि घाटात पारा दहावर यावा, तेव्हा कुठे तो अधिकृतपणे कुडकुडायला पात्र ठरतो. एक्सप्रेस-वेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या वेगाची थंडी तर आमच्या नशिबातच नाही.

बरं, गाडीला या सगळ्याचं काही नाही. वारा कितीही सुटला तरी निर्जीव वस्तू हवेपेक्षा गार होत नाही. हँडलला पंधरा म्हणजे पंधराच. पण तेच रबरी ग्रिपवरचे पंधरा अंश सुसह्य लागतात आणि ब्रेकच्या ॲल्युमिनियम लिव्हरवरचे पंधरा अंश चावतात, कारण धातू बोटांतली ऊब भराभर ओढून घेतो. आणि खड्डे, कुत्री आणि उलट्या बाजूने येणारे रिक्षावाले यांच्यामुळे आमच्याकडे दोन बोटं लिव्हरवर ठेवूनच गाडी चालवावी लागते. त्याच दोन बोटांच्या भरवशावर पुढचा ब्रेक असतो, म्हणून त्यांचं बधिर होणं ही नुसती तक्रारीची गोष्ट राहत नाही.

शरीराला बोटांची फारशी फिकीर नसते, हे कळलं तेव्हा मला राग आला होता. थंडी वाजली की शरीर हाता-पायांच्या टोकांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि रक्त काळीज, फुप्फुसं, पोट यांच्यासाठी राखून ठेवतं. करंजाड्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी कमी पडलं की लाइनच्या शेवटच्या टोकाच्या इमारतींचा व्हॉल्व्ह पहिल्यांदा बंद होतो. बोटं म्हणजे आमच्या शरीराच्या शेवटच्या सेक्टरमधले रहिवासी. अधूनमधून त्यांच्याकडे थोडं रक्त सोडलंही जातं. थॉमस लुईस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३०मध्ये हे टिपलं होतं: बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं बोट मध्येच काही वेळ गरम होतं, मग पुन्हा गार. म्हणजे टँकरही येतो.

एवढं सगळं असताना सरळ हातमोजे का घालत नाहीत? इथे खरी गोम आहे. आमच्या भागातल्या पुरुषाला हातमोजे घालायची लाज वाटते. करंजाड्यात हातमोजे म्हणजे कोकणात मफलर. लोक आधी तब्येत विचारतात. त्यामुळे पुरुषांचे दोनच वर्ग पडतात. एक उघड्या हातांचे, आणि दुसरे लडाखला जाऊन आलेले. या दुसऱ्यांच्या मोज्यांवर बोटांच्या सांध्यांपाशी कडक कवच असतं, मनगटावर पट्टा असतो, आणि तो जामानिमा करून ते कोपऱ्यावरच्या डेअरीतून अर्धा लिटर दूध आणतात.

थंडीत ज्यांचे हात खरोखर उबदार असतात त्या आमच्याकडच्या बायका. स्कूटरवरच्या बाईने कोपरापर्यंतचे सुती मोजे घालायचे आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळायचा, ही पुण्याची रीत पनवेलने कधीच उचलली आहे. ते मोजे मुळात उन्हासाठी. एप्रिलमध्ये रंग जपायला घातलेले मोजे जानेवारीत हात जपतात, आणि कोणी त्यांना तब्येत विचारत नाही. नवरा मात्र मागच्या सीटवर तळहात मांड्यांखाली दाबून बसतो आणि ‘मला नाही बाई थंडी वाजत’ म्हणतो. बाई शब्दासकट म्हणतो.

लाज सोडून ज्यांनी लोकरीचे मोजे घेतले, त्यांचीही फसगत होते. लोकर उभ्या माणसाला उबदार, धावत्याला नाही; विणीतून वारा आरपार जातो. लोकरीच्या वरून पातळ प्लास्टिकचा मोजा घातला की वारा अडतो, लोकरीत हवा साठून राहते आणि काम होतं. कोविडच्या काळात घराघरांत आलेल्या त्या डॉक्टरी मोज्यांचा हा एक उपयोग मला फार आवडतो. दूधवाले पूर्वी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायचे. पातळ पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, तरी ज्या घरात पिशव्यांची पिशवी नाही असं घर मला दाखवावं. फक्त मोजे घट्ट नकोत. घट्ट मोजा रक्ताला आणखी अडवतो. त्यापेक्षा उघडा हात परवडला.

मोज्यांचा शत्रू आता थंडीपेक्षा मोबाइल आहे. टपरीवर चहाचे पैसे द्यायला फोन काढायचा, कोडवर धरायचा, त्यासाठी उजवा मोजा उतरवून काउंटरवर ठेवायचा. म्हणून हरवतो तो नेहमी उजवाच. आमच्या इमारतीत सगळ्यांचे डावे मोजे गोळा केले तर एक छोटं दुकान निघेल, फक्त गिऱ्हाईक मिळणार नाही.

जुन्या गाड्यांना निदान माया होती. बुलेट किंवा स्प्लेंडरचं इंजिन उघडं, वाऱ्यावर निवणारं. सिग्नलला गाडी न्यूट्रल करून वाकायचं आणि इंजिनच्या पात्यांजवळ तळवा धरायचा. टेकवायचा नाही, नुसता धरायचा. शेजारच्याला वाटायचं की हा पेट्रोल गळतंय का बघतोय, त्यामुळे अब्रूही राहायची. स्कूटरने ही सोय घालवली. तिचं इंजिन सीटखाली झाकलेलं; ऊब मिळते, पण भलत्याच ठिकाणी.

या विषयातला माझा गुरू म्हणजे करंजाडे गावातला एक जुना आगरी माणूस. मी हातांवर फुंकर घालत असताना तो म्हणाला, “दादूस, हात राहू दे. पयले छाती झाक.” मला तेव्हा ते कोड्यात बोलल्यासारखं वाटलं. पण शरीराचा मघाचा हिशोब बघितला तर त्याचं बरोबर आहे. छाती गरम राहिली की वरचा कारभारी निर्धास्त होतो आणि शेवटच्या सेक्टरचा व्हॉल्व्ह उघडतो. त्याचा उपाय होता वर्तमानपत्र: चार पानं शर्टच्या आत, पोटापासून गळ्यापर्यंत. कागद वारा अडवतो आणि पानांमध्ये हवा धरून ठेवतो. टूर द फ्रान्समधले सायकलपटूही घाट उतरण्याआधी प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत खुपसत आले आहेत. मी प्रयोग केला आहे. बातम्यांच्या पानांपेक्षा रविवारची पुरवणी जास्त उबदार असते, तिच्यात हवा जास्त असते. ललित लेखांना इतक्या मनापासून छातीशी धरणारे वाचक दुसरीकडे मिळायचे नाहीत.

या उपायाची खरी कसोटी पोपटीच्या रात्री लागते. रायगड जिल्ह्यात थंडी पडली आणि वालाला शेंगा धरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, अंडी, कोणी मसाला लावलेलं चिकन. वर पुन्हा पाला. मडकं उलटं करून भोवती गवत, काटक्या पेटवायच्या. जाळ चांगला भडकला की सगळे हात पुढे करून गोल बसतात, आणि दिवसभर ‘थंडी कुठे आहे यार’ म्हणणारेही सर्वांत पुढे असतात. हात एवढे शेकून निघतात की परत गाडीवर बसायचं जिवावर येतं. रात्री बारानंतर पेणकडून पनवेलला यायचं म्हणजे वाटेत कर्नाळ्याचं जंगल, आणि तिथला गारवा.

मागच्या पोपटीला मी गुरूचं वचन शब्दशः पाळलं. मडक्यातली गरम अंडी कागदात गुंडाळली आणि जॅकेटच्या आतल्या दोन्ही खिशांत, बरोबर छातीवर ठेवली. कर्नाळा ओलांडेपर्यंत बोटं जिवंत होती. पळस्प्याला मी ब्रेक दोन बोटांनी व्यवस्थित दाबला. घरी आल्यावर बायकोने खिसे रिकामे केले, अंड्यांकडे बघितलं आणि विचारलं, “ही चपटी कशी झाली?”

“घट्ट धरून बसलो होतो,” मी म्हणालो.

“कोणाला?”