मोजणारा एक, लावणारा दुसरा

"काकू, काल रात्री दीड वाजेपर्यंत दिवा चालू होता तुमचा. तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय! नातवाने तो '२१' सिनेमा लावून दिला, २००८ चा. अमेरिकेतली एम.आय.टी.ची इंजिनीअरिंगची पोरं लास व्हेगासला जाऊन कॅसिनोवाल्यांना रडवतात, तो."

"अर्धा पाहिलाय मी. फसवतातच ना हो ती?"

"अजिबात नाही! स्वतःच्या डोक्यात मोजायला कुठला कायदा आडवा येतो? ब्लॅकजॅकमध्ये एकदा पडलेली पानं लगेच परत पिसत नाहीत. काय पडलं ते ठाऊक असलं की काय उरलंय ते कळतं. एक्के, दश्श्या, चित्रं जास्त उरली की खेळणाऱ्याची चलती. बारकी उरली की कॅसिनोची. एडवर्ड थॉर्प म्हणून गणिताचा प्राध्यापक, त्याने १९६२ सालीच हे पुस्तकात छापून टाकलं."

"म्हणजे सगळी पानं पाठ?"

"छे गं! दुर्रीपासून छक्कीपर्यंत काही पडलं की मनात एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का पडला की एक वजा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. सहा-आठ कॅट एकत्र पिसलेले असतात, म्हणून आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागायचं. मेंढीकोटात चार मेंढ्या कुठे गेल्या हे लक्षात ठेवण्याइतकंच."

"माझ्या तेही राहत नाही."

"माहितेय. म्हणून तर मी तुला भिडू घेत नाही."

"असू दे! पण मग एकट्यानेच मोजावं की. टोळी कशाला?"

"तीच तर गोम आहे. तुझ्या डोक्यातलं कॅसिनोवाल्याला दिसत नाही, पण टेबलावरचे पैसे दिसतात. तासभर दहा-दहा डॉलर लावणारी बाई एकदम हजार लावायला लागली की त्यांचे कान टवकारलेच. यावर अल फ्रान्सेस्को नावाच्या माणसाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तोड काढली. मोजणारा वेगळा, लावणारा वेगळा! मोजणारे निरनिराळ्या टेबलांवर बसणार, कमीत कमी लावणार, चेहरा कंटाळलेला. बेरीज चढली की हाताची घडी घालायची किंवा अशीच काहीतरी खूण. की आला कुठूनसा एक ऐटबाज, बापाचे पैसे उधळायला निघाल्यासारखा, आणि बसल्या बसल्या मोठी रक्कम लावली. बेरीज उतरली की उठला, दुसऱ्या टेबलावर. त्याला कमी लावताना कोणी पाहिलेलंच नाही, मग संशय घेणार कशावरून?"

"पण त्याला बेरीज कोण सांगणार? बोलले तर पकडले जातील की."

"बोलायचं, पण भलतंच. एम.आय.टी.च्या पोरांनी आकड्यांना शब्द ठरवले होते. फुटबॉलचा विषय काढला की अकरा, अंडी म्हटलं की बारा, हातमोजा म्हटलं की पाच."

"अय्या, आपल्या भिशीत करू या का असं काही?"

"तू आधी अर्धा तास गप्प बसून दाखव. मला विचारशील तर खूणबिण दुय्यम आहे. खरी कमाल बिल कॅप्लनची. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकलेला हा गडी. १९८० पासून त्याने ही टोळी कंपनीसारखी चालवली. लोकांकडून भांडवल घ्यायचं, प्रत्येक खेळाडूची कडक परीक्षा, प्रत्येक बैठकीचा जमाखर्च लेखी. १९९२ मध्ये तर रीतसर भागीदारी संस्था काढली. कारण एवढं सगळं करून वरचष्मा किती, तर फार तर शेकडा एक-दोन. एकट्याचे पैसे एका वाईट आठवड्यात संपतील. पुष्कळ माणसं, पुष्कळ डाव आणि सगळ्यांचा मिळून एक गल्ला असेल, तरच तो एक टक्का हाती लागतो."

"सिनेमात तर रातोरात पैशांच्या थप्प्या!"

"सिनेमाचं काय घेऊन बसलीस! त्यात नायक गोरा आहे. ज्याच्यावरून तो बेतला, तो जेफ मा चिनी वंशाचा. खऱ्या टोळीत आशियाई वंशाची मुलं बरीच होती. परदेशी श्रीमंताचं पोर पैसे उधळतंय, याचं व्हेगासला काही नवल नव्हतं. सगळं सोंग त्यावर उभं, आणि नेमकं तेच काढून टाकलं!"

"पण पकडल्यावर मारतात ना, सिनेमातल्यासारखं?"

"गुन्हाच नाही तर पकडणार कशासाठी? ओळख पटली की व्हेगासच्या नेवाडा राज्यात सरळ बाहेरचा रस्ता दाखवतात. ग्रिफिन नावाची गुप्तहेर संस्था अशांचे फोटो जमवून कॅसिनोंना पुरवायची. पण केन उस्टन मोठा खमक्या. फ्रान्सेस्कोच्याच टोळीतला. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत त्याला खेळू देईनात, तर हा थेट कोर्टात गेला. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, निव्वळ पानं मोजतो म्हणून कॅसिनोला कोणाला आपल्या मर्जीने हाकलता येणार नाही."

"मग काय, मज्जाच!"

"कसली मज्जा! हाकलता येत नाही म्हणून मोजणारा दिसला की अर्ध्यातच पानं पिसायला लागले."