कोठ्याचे कारभारी

जालन्याच्या मस्तगड भागातल्या चहाच्या टपरीवर सकाळी आधी राजकारण निघतं, मग सळईचा भाव, मग मोसंबीचा. अण्णा आले की विषय पोटावर येतो. ‘झालं का साफ?’ हा त्यांचा रामराम. समोरचा ‘हो’ म्हणाला तर अण्णांचा चेहरा पडतो. ‘नाही’ म्हणाला तर ते बाकडं पुढं ओढतात.

अण्णा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. साठीला टेकलेले, पेन्शन सुरू झालेली, मुलगा पुण्याला, असे अण्णा दर गल्लीत एक तरी निघतात. त्यांचं आडनाव कुणाला ठाऊक नसतं, कोठ्याची हालहवाल मात्र साऱ्या गल्लीला तोंडपाठ असते. ‘काय सांगू बापू, तासभर बसू राहिलो, नुसता खडा!’ हे वाक्य ते भर लग्नाच्या पंगतीत, वांग्याची भाजी वाढून घेता घेता म्हणतात.

त्यांच्या फडताळात देवापेक्षा बाटल्या जास्त. एरंडेल, त्रिफळा, सोनामुखीचं चूर्ण, हरड्याच्या गोळ्या आणि इसबगोलाचा डबा. इसबगोल ते चमचाभर तोंडात टाकतात आणि त्यावर दोन घोट पाणी पितात. इसबगोल पाणी शोषून फुगतं, म्हणून त्याच्यासोबत निदान पेलाभर पाणी लागतं. नाही तर ते घशात किंवा आतड्यात अडकून बसू शकतं. पण पाण्याच्या बाबतीत अण्णांचा हात आखडता. जालन्याच्या नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानं येत आलंय, त्यामुळे हंडा झाकून ठेवायची सवय आता पोटापर्यंत पोचली आहे. १७२५ साली काबिलखानानं इथं गढी बांधली तेव्हा आत मोठी विहीरही केली. अण्णा ही गोष्ट पाहुण्यांना अभिमानानं सांगतात, स्वतः मात्र दुपारपर्यंत दोन कप चहावर राहतात.

खाणंही तसंच. आजोबांच्या पानात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी असे. अण्णांच्या सकाळी चहा-खारी असते, उपासाला साबुदाणा. जालन्याची मोसंबी २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसली, तरी अण्णा तिचा गाळलेला रसच पितात आणि चोथा गाईला घालतात. मोठ्या माणसाला दिवसाकाठी २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. त्यातला अण्णांचा वाटा गाय खाते.

खरी गंमत त्यांच्या हिशोबात आहे. रोज सकाळी सहाला झालंच पाहिजे, हा त्यांचा दंडक. वैद्यकशास्त्राचं म्हणणं निराळं: दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इतकं सगळं नॉर्मलमध्ये बसतं. एक दिवस खाडा पडला की अण्णा रात्री सोनामुखी दुप्पट घेतात. सकाळी सगळं आतडं रिकामं होतं. रिकाम्या आतड्यात नवा मळ साठायला दोन दिवस लागणारच. पण दुसऱ्या दिवशी काही झालं नाही की अण्णा कपाळाला हात लावतात आणि पुन्हा फडताळ उघडतात.

या धास्तीत ते एकटे नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन यांना तुंबलेल्या मळाचं विष अंगभर पसरतं असं वाटे, आणि त्यासाठी ते माणसाचं मोठं आतडंच काढून टाकत. अण्णांना हे कळलं तेव्हा आठवडाभर त्यांनी चूर्णाला हात लावला नाही.

शेवटी वहिनींनी त्यांना डॉक्टरकडे नेलंच. ‘अहो, पिशवी दाखवा,’ म्हणाल्या. पिशवीत रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या निघाल्या, कॅल्शियमच्या निघाल्या, ॲसिडिटीवरचं औषधही निघालं. तिन्हींनी पोट घट्ट होऊ शकतं. डॉक्टरांनी थायरॉईड आणि साखर तपासायला सांगितली, कुंथावं लागतं का, पूर्ण झाल्यासारखं वाटतं का, हे विचारलं. काहींच्या बाबतीत आतडं नीट चालतं, पण जोर करताना गुदाचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळतात. तिथं चूर्णाचा उपयोग नसतो, स्नायूंना शिकवावं लागतं, असंही त्यांनी समजावलं.

अण्णांना मिळालं ते अगदीच साधं. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात बसायचं, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपसूक हलतं. कमोडपुढं पायाखाली छोटा पाट ठेवायचा, म्हणजे उकिडवं बसल्यासारखं होऊन वाट सरळ होते. दहा मिनिटांत उठायचं, मोबाईल बाहेर. कळ आली की दाबायची नाही. आणि रोज रात्री पाण्यात विरघळवून पॉलिथिलीन ग्लायकॉलची पावडर. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, मळ मऊ राहतो.

महिन्याभरात फरक पडला. अण्णांना त्याचा आनंद झाला की विषय गेल्याचं दुःख, हे टपरीवाल्यालाही सांगता येणार नाही. मग त्यांनी सुताराकडून सहा पाट करून घेतले आणि गल्लीत वाटले.

त्यातला एक पाट शेजारच्या काकांनी परत आणला. पन्नाशी उलटल्यावर अचानक पोट धरू लागलंय, वजन उतरलंय आणि रक्तही दिसतंय, असं ते हळूच म्हणाले. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा औषध सुचवलं नाही. पाट खाली ठेवला, स्कूटर काढली, काकांना मागं बसवलं आणि थेट दवाखाना गाठला. वाटेत एवढंच विचारलं, ‘दुर्बिणीनं तपासतात म्हणे, रिकाम्या पोटी आलात ना?’