बालाघाटचा माजी रॉकवाला

वैनगंगेच्या काठच्या बालाघाट शहरात, जिथे घरात मराठी किंवा पोवारी, शाळेत हिंदी आणि टी-शर्टावर इंग्रजी नांदते, तिथे ‘माजी रॉकवाला’ हा सामाजिक प्रकार चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या आणि तरीही केस मानेपर्यंत राखलेल्या पुरुषात आढळतो. पोटासाठी तो भरवेलीच्या मँगनीज खाणीत कारकुनी करतो किंवा विमा विकतो. मात्र त्याचे निर्णायक लक्षण नोकरी नव्हे, वाद्यही नव्हे, तर बँड मोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लिहायला घेतलेले आणि मैत्रीला अर्पण केलेले आत्मचरित्र हे होय.

रेमो फर्नांडिस यांचे 2021 मधले आत्मचरित्र आणि ‘इंडियन ओशन’चे माजी गिटारवादक सुस्मित सेन यांचे 2014 मधले ‘ओशन टू ओशन’ यांना तो आपले पूर्वसूरी मानतो, कारण त्यांनी आधी संगीत केले हा तपशील त्याला गौण वाटतो. ‘इंडियन ओशन’ने 2000 सालच्या ‘कंदिसा’ या संग्रहात नर्मदेवर ‘मा रेवा’ गायले आणि वैनगंगा तशीच राहिली, हा अन्याय दूर करण्यासाठी आपल्या बँडने जे गाणे रचले, त्यावर त्याच्या ग्रंथातील सर्वांत लांब प्रकरण आहे.

तांत्रिक प्रकरणात तो ‘डिस्टॉर्शन’ समजावून सांगतो. गिटारचा विद्युतसंकेत ॲम्प्लिफायरच्या कुवतीबाहेर ढकलला की लहरींची टोके छाटली जातात, आणि त्यातून येणारी खरखर हाच रॉकचा प्राण; त्यासाठी मोठ्या शहरांतले वादक पायाशी वेगळे पेडल ठेवतात, परंतु बालाघाटात मंडपवाल्याने भाषणांसाठी आणलेल्या भोंग्यातून ती फुकट मिळत असे, आणि हरवलेले मूल सापडल्याची घोषणाही त्याच खरखरीत होत असल्यामुळे श्रोते तिला गाण्याचेच कडवे समजत.

प्रवासवर्णनात तर अतिशयोक्ती अलंकार न राहता पद्धती बनते. गोंदिया–जबलपूर हा त्या काळी अरुंदमापी, म्हणजे रुळांत जेमतेम अडीच फूट अंतर असलेला लोहमार्ग होता, आणि त्या इवल्या डब्यात ड्रमसेट चढवताना सहप्रवाशांनी जे उद्गार काढले त्यांना ग्रंथात ‘पहिली समीक्षा’ म्हटले आहे. भातकापणीनंतर झाडीपट्टी रंगभूमीची, म्हणजे पूर्व विदर्भातील रात्रभर चालणाऱ्या नाटकांची, जी धामधूम सुरू होते, तिच्यात पोटासाठी ऑक्टोपॅड बडवायला तो गोंदियाहून वडशाला गेला होता. वडसा गोंदियाच्या दक्षिणेस असल्यामुळे त्या प्रकरणाला ‘दक्षिण दौरा’ असे नाव मिळाले, आणि भूगोलाच्या दृष्टीने त्यावर आक्षेप घेता येत नाही.

मैत्रीचे प्रकरण मात्र वर्षानुवर्षे पुरे होत नाही. दर रविवारी जुने सवंगडी वाचनासाठी जमतात, ज्याचे आता मंडपाचे दुकान आहे तो ड्रमर खुर्च्या पुरवतो, आणि वैनगंगेच्या गाण्याची चाल कोणाची या प्रश्नावर वाचन थांबते. लेखकाने ती स्वतःच्या नावावर मांडली की ड्रमर ‘‘काहून दादा, मी मेलो होतो का तेव्हा?’’ असे विचारतो. बेसवाला, म्हणजे चार जाड तारांच्या गिटारवर गाण्याचा खालचा सूर सांभाळणारा आणि आयुष्यभर कोणालाच ऐकू न गेलेला गडी, चाल आपली असल्याचे इतक्या हळू सांगतो की वादात त्याची नोंदच होत नाही. आणि गायकाला चाल आठवत नसली तरी ती आपण बेसूर गायलो नव्हतो एवढे पक्के आठवते. मग खात्रीसाठी गाणे म्हणून पाहण्याची सूचना येते, टेबलावर ठेका धरला जातो, आणि वहिनी चहा घेऊन येईपर्यंत पहिले कडवे दोनदा होऊन जाते. एवढी वर्षे तालमीची वेळ न पाळणारी ही मंडळी या भांडणाला कधी उशीर करत नाहीत, हे लेखकाच्या अद्याप लक्षात आलेले नाही. तो फक्त ‘प्रकरण अपूर्ण’ असा शेरा मारून वही मिटतो आणि ॲम्प्लिफायरच्या वर्गणीतले आपले राहिलेले पैसे मागतो, जे ड्रमरच्या मते खुर्च्यांच्या भाड्यात केव्हाच फिटले आहेत.