एकदा भेटू की

मराठीतला ‘एकदा’ हा मोठा बेरकी शब्द आहे. कुणी गोष्ट सांगायला बसलं की तो सगळ्यांच्या आधी येऊन मांडी घालतो: एकदा काय झालं... आणि निरोपाच्या वेळी सगळे चपला घालून झाले, की तोच पुन्हा दाराशी उभा असतो: भेटू एकदा. पहिल्या एकदाला चव आहे, वास आहे, कोण कुठे बसलं होतं हेही त्याला पाठ आहे. दुसऱ्याला ना वार, ना तारीख. दहावी ‘ब’च्या तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारा माझा मित्र आणि मी, आम्ही दोघं गेली कित्येक वर्षं या दोन एकदांच्या मधल्या बोळात राहतो. पोस्टाच्या हिशेबाने म्हणाल, तर तो इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो आणि मी मल्लेश्वरममध्ये. दोघेही बेंगळुरूतच.

आम्ही मूळचे बेळगावचे. तिथे त्याचं घर टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आणि माझं पहिल्या गेटाजवळ. बेळगावात रेल्वेची फाटकं ही पत्त्याची परिमाणं आहेत. माणूस गल्ली विसरेल, गेट विसरणार नाही. फाटक पडलं की सायकलवर एक पाय टेकवून मालगाडीचे डबे मोजायचे, हा आमच्या मैत्रीचा मुख्य उद्योग होता. त्यात माझे नेहमी दोन डबे कमी भरत. ‘बावन्न होते की,’ असं तो म्हणायचा आणि मी ऐकून घ्यायचो, कारण गणितात तो पुढे होता. हा ‘की’ आमच्याकडचा. होय की, नाही की, येतो की. आणि ‘पण’च्या जागी आम्ही म्हणतो ‘खरं’. ‘येतो म्हणालास, खरं आला नाहीस.’ पुण्याच्या माणसाला हे वाक्य ऐकून वाटतं, की यात कुणीतरी खरं-खोटं करतंय. आम्हाला त्यात फक्त रुसवा ऐकू येतो. माझ्या घरी आता असं बोलणारं कुणी नाही. बायको नाशिकची, मुलगी बेंगळुरूची. तिच्या तोंडी कन्नड, इंग्रजी आणि मराठी या तिन्ही भाषा एकाच ऑटोतून तीन सवाऱ्या जाव्यात तशा, जरा अंग चोरून बसलेल्या असतात. खरंमधला तो रुसवा समजणारं या शहरात माझ्या ओळखीचं एकच माणूस आहे, आणि ते सिल्क बोर्डच्या पलीकडे राहतं.

सिल्क बोर्ड हे बेंगळुरूतल्या एका चौकाचं नाव आहे, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इथल्या वाचकांना ती एक अवस्था आहे हे ठाऊक आहे. त्या चौकापायी माझ्या मित्रापेक्षा न्यू जर्सीतला वर्गमित्र मला जवळचा झाला. त्याच्याशी निदान रविवारी सकाळी पडद्यावर बोलणं होतं. तिसऱ्या बाकावरच्या माझ्या या शेजाऱ्याशी मात्र ‘इतका जवळ आहे, फोनवर काय बोलायचं, एकदा भेटूच की’ असं म्हणत मी फोनही करत नाही. जवळ असणं हे भेटी टाळण्याचं इतकं भक्कम कारण असू शकेल, असं फाटकापाशी डबे मोजताना कुणी सांगितलं असतं, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. पुढेपुढे आमच्या भेटी व्हायच्या त्या बेळगावातच. गणपतीला दोघेही पाचशे किलोमीटर जायचो, खडेबाजारात समोरासमोर यायचो आणि विचारायचो, ‘अरे, इकडे कुठे?’

तसं पाहिलं तर संपर्काच्या साधनांनी आमच्यासाठी काही कमी केलं नाही. दहावीनंतर निळी आंतर्देशीय पत्रं होती; त्यांच्या दुमडलेल्या कानावरही आम्ही मजकूर लिहायचो आणि पत्र उघडताना नेमकी तीच ओळ फाटायची. मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून अर्धं बेंगळुरू आपल्या आईशी अकरानंतरच बोलायचं, आणि समोरच्या लाल आकड्यांकडे बघत प्रत्येक वाक्य तारेसारखं तोडायचं. २००४ साली ऑर्कुट आलं, २०१४ साली गेलंही. तिथे आम्ही एकमेकांविषयी चार गौरवाचे शब्द लिहिले होते, ते कुठे गेले कोण जाणे. आता व्हॉट्सअॅप आहे. त्याच्या एका गटात १,०२४ माणसं मावतात, आम्ही सत्तेचाळीस. रोज पहाटे पाचला तिथे सूर्य उगवतो, गुलाब उमलतात, कुणीतरी आयुष्याचा अर्थ सांगतो, आणि बाकीचे त्याला हात जोडतात. पाचवीपासून ज्यांच्या खोड्या काढल्या, त्यांनी एकमेकांना रोज नमस्कार करावा, याची मला अजून सवय झालेली नाही.

खरं सांगायचं तर (हा पुण्याचा खरं), आम्हाला जोडून ठेवलं होतं ते एका स्टीलच्या डब्याने. १९९६ मध्ये मी बेंगळुरूला आलो तेव्हा तो इथे आधीच रुळला होता. दिवाळीनंतर तो गावाहून परतला आणि माझ्या खोलीवर एक डबा घेऊन आला. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, माझ्यासाठी चकल्या दिल्या होत्या. डबा त्याच्या मुंजीतला. झाकणावर भांडीवाल्याने टिंबाटिंबांनी कोरलेलं, ‘चि.’ आणि पुढे त्याचं नाव, ‘याच्या मुंजीप्रीत्यर्थ सप्रेम भेट’. चकल्या तीन दिवसांत संपल्या. रात्री अकरानंतर मी आईला फोन केला, तर तिने खुशाली विचारायच्या आधी बजावलं, ‘डबा रिकामा परत दिलास तर बघ.’ आता बेंगळुरूतल्या एकट्या पोराने डब्यात काय भरायचं? मी म्हैसूरपाक विकत आणला, डब्यात रचला आणि तो द्यायला दोन बस बदलून गेलो. डबा त्याच्याबरोबर बेळगावला गेला. काकूंनी म्हैसूरपाक शेजारीपाजारी वाटला, आणि पोराच्या मित्राचा डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून त्यात रव्याचे लाडू भरले. खरं म्हणजे डबा त्यांचाच होता. खरं, अशा हिशेबात ते कुणी बघत नाही.

असा तो डबा सुमारे पंधरा वर्षं फिरला. राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर, उशाला टॉवेलमध्ये गुंडाळून त्याने जितका प्रवास केला असेल, तितका आमच्यापैकी एकानेही केला नाही. त्याच्या एका फेरीत आमच्या दोन भेटी ठरलेल्या असत: एक तो भरून यायचा तेव्हा, एक मी भरून द्यायचो तेव्हा. लग्नं झाली, घरं बदलली, नोकऱ्या सुटल्या आणि लागल्या. आम्ही समजत होतो, की आपण मैत्री टिकवली. प्रत्यक्षात दोन बायका पहिल्या आणि दुसऱ्या रेल्वे गेटापाशी बसून ती टिकवत होत्या. आम्ही दोघं नुसते हमाल होतो. झाकणावरची अक्षरं मात्र घासून घासून झिजत गेली. आधी ‘सप्रेम’ गेलं, मग ‘मुंज’, मग त्याचं नाव. शेवटी ‘चि.’ तेवढा राहिला.

रॉबिन डनबार या ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या शाळा संपवून निघालेल्या मुलामुलींकडे अठरा महिने लक्ष ठेवलं होतं. त्यांना असं दिसलं, की मुलींची जुनी मैत्री बोलण्याने टिकते. मुलग्यांच्या मैत्रीला बोलण्याचा फारसा उपयोग होत नाही, त्यांना मिळून काहीतरी करायला लागतं. हे वाचून मला शास्त्रज्ञांविषयी आदर वाटला आणि स्वतःविषयी थोडं वाईट. आमच्याच बेंगळुरूत शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला मुलगा बसमध्ये कंडक्टर होता आणि राज बहादूर त्याचा ड्रायव्हर मित्र होता. या मित्रानेच त्याला मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटला जायला लावलं. कंडक्टरचा पुढे रजनीकांत झाला, मैत्री तशीच राहिली. त्यांना एक बस मिळाली होती. आम्हाला डबा मिळाला होता, आणि तो फिरायचा थांबला.

काकू गेल्या त्या वेळी डबा माझ्याकडे होता. त्यांनी पाठवलेले डिंकाचे लाडू संपून चारच दिवस झाले होते. मी भेटायला गेलो तो मोकळ्या हातांनी, कारण त्या दिवशी डब्यात काय भरायचं हे मला सुचेना. आणि रिकामा तर द्यायचा नसतो. नंतर म्हैसूरपाकही बरा वाटेना. पुढे दोन वर्षांनी माझी आई गेली, मग विचारायलाही कुणी राहिलं नाही. डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर गेला. त्यानेही कधी मागितला नाही. गटावर तो गुलाबाला हात जोडायचा, मी सूर्याला.

ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र अशी मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. सिल्क बोर्डच्या डोक्यावरून गाडी इलेक्ट्रॉनिक सिटीला जाऊ लागली आणि आमची शेवटची सबब जमीनदोस्त झाली. एका रविवारी सकाळी त्याने पिवळी गाडी धरली, मी हिरवी. तो आर. व्ही. रोडला हिरव्या गाडीत आला, आणि दोघेही नॅशनल कॉलेजला उतरून गांधी बाजारात ‘विद्यार्थी भवन’च्या रांगेत उभे राहिलो. १९४३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी म्हणून निघालेलं हे हॉटेल. आमच्या केसांकडे पाहता आम्हाला आत सोडणं, हा त्यांचा मोठेपणा. एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत तोलत वेटर आला. डोसा येईपर्यंत आम्ही साखरेच्या गोळ्या, गुडघे आणि मुलांच्या फिया हे विषय उरकले होते. मग मी पिशवीतून डबा काढला. आदल्या रात्री यूट्यूब बघून पातळ पोह्यांचा चिवडा केला होता. शेंगदाणे करपले होते, ते निवडून काढले होते.

तो काही बोलला नाही. झाकणावरच्या त्या ‘चि.’वरून त्याने एकदा अंगठा फिरवला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी चिरंजीव असणं सोपं नाही. मग झाकण उघडू लागला, उघडेना. ‘आई चमच्यानं उघडायची की,’ असं म्हणून त्याने टेबलावरचा चमचा झाकणाच्या कडेत घातला. झाकण निघालं, तसा थोडा चिवडा डोशाच्या ताटलीत उडाला. तो त्याने चटणीत बुडवून खाल्ला आणि म्हणाला, ‘बरा झालाय. खरं, मीठ जास्त आहे.’

निघताना नॅशनल कॉलेजच्या स्टेशनवर शेजारी कुणीतरी कुणाला म्हणत होतं, ‘सिगोणा.’ कन्नडात भेटूया. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो आणि ठरवून तो शब्द उच्चारला नाही.

पुढच्या गुरुवारी त्याचा मेसेज आला, गटावर नाही, एकट्या मला: ‘चिवडा संपला. डबा घासून ठेवलाय. रिकामा कसा देऊ, म्हणून घरी विचारतोय. भेटू की एकदा.’

त्याला आता पाच महिने होतील.