शकूचा आखाड

भिगवणला लोक हिवाळ्यात येतात, उजनीच्या पाण्यात एका पायावर उभे राहणारे रोहित पक्षी बघायला. मी आषाढात आलो, आणि एका पायावर उभा राहणारा पक्षी पुण्याहूनच घेऊन आलो. उजनीविषयी माझ्याकडून एवढंच.

शकू ही आमची कोंबडी. गॅलरीत वाढलेली, दीडेक किलोची, वृत्तीने निवृत्त मुख्याध्यापिका. सोसायटीतल्या एका कुत्र्याने तिचा उजवा पाय मोडला आणि पाठीवरची पिसं उपटली. ‘‘तो फक्त खेळत होता,’’ कुत्र्याचे मालक म्हणाले. यावर काय बोलायला हवं होतं ते मला अजूनही रात्री दोनच्या सुमारास सुचतं. तेव्हा मी ‘‘हो का?’’ एवढंच म्हणालो. माझा आवाजच तसा आहे. रिक्षावाल्याला स्वतःच्या घराचा पत्तासुद्धा मी विचारल्यासारखा सांगतो.

डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्या लावून पाय बांधला. पक्ष्यांची हाडं आपल्यापेक्षा लवकर जुळतात, तीनेक आठवडे पुरतील, म्हणाले. मात्र छातीवर आवळून धरायचं नाही. पक्ष्यांना श्वासपटल नसतं; छातीचं हाड खालीवर झालं तरच हवा आत जाते, गच्च धरलेली कोंबडी हातातच गुदमरते. आणि गॅलरीत ठेवू नका, कुत्रं परत येईल. तेव्हा शकूने कळसला, बायकोच्या आत्याकडे, कायमचं राहायला जायचं ठरलं. ठरवलं बायकोने. पिशवी मी धरली.

कॅलेंडर मात्र कुणी पाहिलं नाही. एकादशी होऊन गेलेली, वारकरी पंढरपूरहून परतलेले, श्रावण अजून लागायचा. म्हणजे ऐन आखाड. या दिवसांत इंदापूर तालुक्यात कोंबडी घेऊन फिरणाऱ्याकडे लोक ज्या मायेने बघतात, तशी माया मला माझ्या लग्नातही मिळाली नव्हती.

मेहुण्याने भिगवणला सोडलं आणि तो मासे खायला गेला. मी जीपमध्ये बसलो. नऊ माणसांच्या जीपमध्ये आम्ही चौदा, अधिक शकू.

‘‘गावरान दिसतीय,’’ शेजारचे काका म्हणाले. ‘‘केवढ्याला पडली?’’

‘‘विकत नाही घेतली. आजारी आहे.’’

‘‘मग आजच उरका. उद्यापत्तूर वजन उतरंल.’’

मागून एका आजींनी रस्सा पातळ करायचा की घट्ट असं विचारलं. मी म्हणालो, कापायची नाहीये, सोडायला चाललोय. जीप गप्प झाली. मग ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, ‘‘नवस हाय का?’’ नवस म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. कुठल्या देवाला सोडायची यावर चर्चा रुईच्या बाबीरपर्यंत गेली. मी नाही म्हणालो, पण माझ्या आवाजात ते ‘हो’सारखंच ऐकू आलं असावं.

खड्डा आला की काका माझ्यावर आणि मी शकूवर. ‘‘जरा सरका हो, तिला श्वासपटल नाही!’’ मी शेवटी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला, तोही या वाक्याला.

‘‘ह्या गाडीत कुणालाच न्हाय,’’ काका म्हणाले.

बाहेर माळ होता, मेंढरं होती, मध्येच उसाचा फड. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा आहेत. मला खिडकीतून काकांचा दंड दिसला. टॉवेलच्या घडीतून शकूने वर पाहिलं. कोंबडीची पापणी खालून वर मिटते. एवढ्या जवळून ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. शाबूत पायाची नखं तिने माझ्या बोटाभोवती घट्ट आवळली होती. फांदीवर बसणाऱ्या पक्ष्याचा पाय मुडपला की बोटं आपसूक मिटतात, त्यात प्रेमाचा संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरी कळस येईपर्यंत मी ते बोट हलवलं नाही.

आत्या ओट्यावरच होत्या. त्यांनी आधी शकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘जावईबापू, आखाडात कोंबडी जावयानं आणायची नसती, जावयाला घालायची असती.’’

मी हकिगत सांगितली. त्यांनी शकूला उलटं धरलं, डॉक्टरांची पट्टी सोडली, ‘‘पाय कोंबडीचा अन् पट्टी म्हशीची,’’ म्हणाल्या, आणि बांबूच्या दोन बारीक कामट्या, जुन्या लुगड्याची चिंधी, हळद-तेल एवढ्यात काम आटोपलं. बोलता बोलता, शेजारणीला हाका मारत. मी चार दिवस शकूपुढे बसून नुसते डोळे पुसले होते. या बाईंनी जन्मभर कोंबड्या कापल्या, विकल्या, उबवल्या. अंड्यांचे पैसे तेवढे त्यांचे स्वतःचे, त्यात घरातल्या पुरुषांनी हात घालायचा नाही. कोंबडीचा पाय कुठे दुखतो हे त्यांच्या बोटांना कळत होतं.

मग शकूला अंगणाच्या मधोमध डालग्याखाली ठेवलं. बाकीच्यांनी बघायचं, पण टोचायचं नाही. जखमेवर लाल दिसलं की कोंबड्या तिथेच टोचत राहतात आणि नव्या बाईला तर हमखास झोडपतात. कोण कुणाला टोचणार याची त्यांच्यात उतरंड असते, हे नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास मांडलं. मी ते आत्यांना सांगितलं.

‘‘त्येला सासू नव्हती काय?’’ आत्या म्हणाल्या.

जखम भरली की रात्रीच्या अंधारात खुराड्यात सरकवायची, म्हणजे सकाळी सगळ्यांना ती आधीपासूनच तिथली वाटते, असं ठरलं. माझा खरा प्रश्न मात्र घशातच अडकला होता. आत्यांनीच तो काढला.

‘‘नाव ठेवलंय न्हवं हिला? मग न्हाय खात. लेकीला सांगा. पण अंडी माझी.’’

निघताना त्यांनी माझ्या रिकाम्या पिशवीत पाय बांधलेला तांबडा कोंबडा घातला. जावयाला आखाडात हात हलवत पाठवतात काय? ‘‘आन् ह्याला नाव ठिवू नका,’’ त्यांनी बजावलं.

परतीच्या जीपमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. रस्सा घट्टच करा, असं एकमताने ठरलं आणि मी सगळ्यांना हो म्हणालो. कोंबडा पिशवीतून मान काढून बाहेरचा ऊस बघत होता, भुवया असत्या तर त्या आक्रसल्या असत्या असा. हायवे लागेपर्यंत मी त्याला तात्यासाहेब म्हणायला लागलो होतो.